पांदणीवरची सायकल

माउंटन बाइक घ्यायला निघालेला माणूस दुकानात बहुधा दोनच गोष्टी विचारतो: शॉकअप एकीकडे आहे की दोन्हीकडे, आणि गिअर किती. दुकानदाराकडे दोन्हींची उत्तरे तयार असतात आणि ती देशभर एकच असतात, मग गिऱ्हाईक मनालीचे असो की अमडापूरचे. माझे म्हणणे असे की बुलढाणा जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर छंद म्हणून रानवाटा धुंडाळू पाहणाऱ्याने ही उत्तरे ऐकण्याआधी इथल्या सायकलीचा इतिहास तपासावा. या मातीवर सायकल फिरू लागून पिढ्या लोटल्या. कोणती सायकल टिकली, कोणती गोठ्याच्या भिंतीला टेकून गंजली, घाटात लोक काय करत आणि पावसात काय करत, हे सगळे ठाऊक आहे. ते ध्यानात घेतले तर खरेदीचा क्रम उलटा होतो. आधी टायर, मग ब्रेक, मग चढाचा गिअर. शॉकअप सर्वांत शेवटी, आणि तोही परवडला तर.

सुरुवात जमिनीपासून करायला हवी. अमडापूर हे चिखली तालुक्यातले गाव, चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, टेकडीवरच्या बल्लाळदेवीमुळे आसपास ओळखले जाणारे. वऱ्हाडाची जुनी विभागणी बालाघाट आणि पायनघाट अशी. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पठार म्हणजे बालाघाट आणि पूर्णेच्या खोऱ्यातली सपाटी म्हणजे पायनघाट. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटरवर आहे, तर मलकापूर, नांदुरा, शेगाव ही पायनघाटातली गावे तीनशे मीटरच्याही खाली. मधली साडेतीनशे मीटरची पायरी हाच इथल्या वाहतुकीच्या इतिहासातला सर्वांत मोठा घटक ठरला. इंग्रजांनी १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतले आणि पुढे मुंबईहून नागपूरकडे रेल्वे नेली ती खालच्या सपाटीने. १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव ही छोटी शाखा झाली आणि तिच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला, कारण खामगावचा कापूस तेव्हा मँचेस्टरच्या गरजेचा होता. घाटावर मात्र रूळ चढले नाहीत. जालना ते खामगाव रेल्वेची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे आणि चिखलीकर आजही ती करतच आहेत.

रेल्वे न आल्याने घाटावरचा माल बैलगाडीने उतरत राहिला, आणि आज सायकलवाला ज्यांना हौसेने ‘ट्रेल’ म्हणतो त्या वाटा त्या गाड्यांनी पाडल्या. कपाशीच्या बंड्या खामगावच्या बाजाराला जात, लोखंडी धावेची चाके मुरुमात खोल चाकोऱ्या पाडत, आणि दोन चाकोऱ्यांच्या मध्ये गवताची पट्टी उरे. १८६० च्या दशकात वऱ्हाडात मुंबई पद्धतीची जमीन मोजणी सुरू झाली. आपल्याकडची मोजणीची साखळी ३३ फुटांची. गाव नकाशावर तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा, आणि तुटक एकेरी रेषेचा पायमार्ग सव्वाआठ फुटांचा. साडेसोळा म्हणजे अर्धी साखळी, सव्वाआठ म्हणजे पाव. या मोजमापाचा सायकलच्या निवडीशी थेट संबंध आहे. माउंटन बाइकच्या जाहिरातीत दिसते ती वाट हातभर रुंद, झाडांच्या मुळांवरून उड्या मारत उतरणारी असते. अमडापूरच्या शिवारातली वाट मुळात बैलजोडी जाण्यासाठी आखलेली, सौम्य वळणांची, पण पृष्ठभागाने वाईट आहे. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी माती, टेकडीच्या बाजूला मुरूम आणि सुटे बेसाल्टचे धोंडे, ओढ्यात रेती, आणि सगळीकडे बाभूळ. म्हणजे इथे प्रश्न उंचावरून आदळण्याचा नाही. तो पकडीचा आणि काट्याचा आहे.

याच वाटांवर विसाव्या शतकात सायकल आली. आधी ती इंग्लंडहून आयात होणारी चीज होती: रॅले, बीएसए, हर्क्युलिस. स्वातंत्र्यानंतर देशी कारखाने उभे राहिले. आसनसोलची सेन-रॅले, मद्रासची टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनिपतची अ‍ॅटलस, १९५६ मध्ये लुधियानाची हिरो. नावे वेगळी असली तरी सायकल एकच होती: काळी, दांडीची, अठ्ठावीस इंची चाकाची, ओझ्यासाठी घेतली तर डबल दांडीची. लोखंडी कांड्यांचे ब्रेक, झाकलेली चेन, मागे कॅरिअर, आणि रिकाम्या सायकलचे वजन वीस किलोच्या आसपास. शिक्षक, पोस्टमन, ग्रामसेवक, दूधवाला, कुल्फीवाला, कापडाचे गाठोडे बांधून गावोगाव फिरणारा फेरीवाला, सगळ्यांची ती एकच. पुढे तिने लग्नाच्या मागण्यांत घड्याळ आणि रेडिओच्या बरोबरीने जागा मिळवली. तिचे महत्त्व सरकारलाही कळले होते. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात पंचायतींना जे कर बसवता येतात, त्यांच्या यादीत सायकलींवरचा कर आहे, आणि तो जनावरांनी ओढायच्या वाहनांच्या जोडीला लिहिलेला आहे. कायदा करणाऱ्यांच्या नजरेत गावातली सायकल ही बैलगाडीची शेजारीण होती. रस्तेही दोघींना एकच होते.

ही सायकल तरुणांना आज विनोदी वाटते. पण तिची मापे कागदावर मांडली तर थोडे थबकायला होते. तिच्या रिमचा व्यास, जिथे टायरची कड बसते तिथे मोजला, तर ६३५ मिलिमीटर भरतो. आजच्या महागड्या माउंटन बाइकचे ‘एकोणतीस इंची’ म्हणून मिरवणारे चाक याच ठिकाणी ६२२ मिलिमीटरचे असते. म्हणजे दूधवाल्याची रिम तेरा मिलिमीटरने मोठी. एकोणतीस हा आकडा निव्वळ जाड टायरमुळे येतो. जुन्या सायकलचे पुढचे चाक धरणाऱ्या काट्याचा कल सत्तर अंशांच्या खाली, म्हणजे चाक चालवणाऱ्यापासून बरेच पुढे. त्यामुळे खड्ड्यात चाक अडकून माणूस हँडलवरून पुढे फेकला जाण्याची शक्यता कमी होते. पुढे दात्यांची चकतीही एकच.

आता अमेरिकेतली गोष्ट शेजारी ठेवून पाहू. कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात, माउंट टॅमलपायसच्या उतारांवर, काही पोरे १९३० आणि ४० च्या दशकांतल्या श्विन कंपनीच्या जाड टायरच्या जुन्या सायकली भंगारातून उचलून मातीच्या रस्त्यांवर सोडू लागली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी ‘रिपॅक’ नावाची पहिली उतार-शर्यत लावली. नाव असे पडले, कारण मागच्या हबमधला पायाचा ब्रेक उतरताना इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि हब पुन्हा भरावा लागे. जो ब्रीझने १९७७ मध्ये खास या कामासाठी पहिली फ्रेम बांधली. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ मध्ये टॉम रिची याच्या फ्रेम घेऊन ‘माउंटनबाइक्स’ हे दुकान थाटले. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली स्टम्पजम्पर बाजारात आली आणि धंदा सुरू झाला. या सायकलींचे चाक सव्वीस इंची होते, कारण भंगारातल्या श्विनचे चाक सव्वीस इंची होते. दुसरे कोणतेही शास्त्र त्यामागे नव्हते. पुढे शर्यतींनी काट्याचा कल ७१ अंशांपर्यंत ताठ केला, पुढे तीन-तीन चकत्या लावल्या. आणि मग गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हे सगळे परत फिरले. २००० नंतर एकोणतीस इंची चाक आले, २०१२ मध्ये स्रॅम कंपनीने पुढे एकच चकती असलेला संच आणला आणि तो रूढ झाला, काट्याचा कल ६५-६६ अंशांपर्यंत पुन्हा झुकला. मोठे चाक, पुढे सरकलेला काटा, एक चकती. सायकल उद्योगाने चाळीस वर्षे खर्चून ज्या तीन गोष्टी शोधल्या, त्या आपल्या काळ्या सायकलीत होत्याच.

यातून ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ असा अर्थ काढू नये. ती सायकल इंग्लंडच्या खराब रस्त्यांसाठी आखलेली होती आणि वसाहतींच्या खराब रस्त्यांवर चालली, एवढाच तिचा पराक्रम. मुद्दा वेगळा आहे. दोन वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या कारणांनी, वाईट वाटेवर चालणारी सायकल एकाच आकाराकडे येत असेल, तर तो आकार फॅशनचा नाही, गरजेचा आहे. म्हणून एकोणतीस इंची चाक आणि झुकलेला काटा या दोन गोष्टींवर पैसे खर्च करायला हरकत नाही. इतिहासाने त्यांना दोनदा पास केले आहे.

पण काळी सायकल कुठे नापास झाली हे जास्त महत्त्वाचे, कारण पैसे तिथेच जायला हवेत. पहिली जागा ब्रेकची. कांड्यांचा ब्रेक रिमला खालून रबर दाबतो. रिम चकचकीत लोखंडाची. ओली झाली की रबर नुसते घसरते. इथल्या बोथा घाटासारखा उतार उतरताना शहाणा माणूस खाली उतरून सायकल धरून चालत असे. मरिनच्या पोरांचेही दुखणे ब्रेकचेच होते, शर्यतीचे नावच त्यावरून पडले. डिस्क ब्रेक हा माउंटन बाइकने सामान्य सायकलस्वाराला दिलेला सर्वांत निखळ लाभ आहे. दुसरी जागा चढाची. पुढे ४४ दाते आणि मागे १८ दाते ही काळ्या सायकलची एक प्रचलित जोडी. तिच्यात पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीला हे उत्तम, घाटात अशक्य, म्हणून चढ आला की सगळेच ढकलत. पुढे ३२ आणि मागे सर्वांत मोठी ४६ दात्यांची चकती असेल तर एक फेरा सुमारे १.६ मीटरचा होतो, म्हणजे तोच चढ सव्वातीन-साडेतीनपट हलका. इथे दुकानातल्या ‘एकवीस गिअर’, ‘चोवीस गिअर’ या आकड्यांचा पोकळपणा दिसतो. गिअर किती, यापेक्षा सर्वांत हलका गिअर किती हलका, हे पाहायचे. मागच्या मोठ्या चकतीचे दाते मोजले की उत्तर मिळते. तिसरी जागा टायरची. काळ्या सायकलचा टायर दीड इंची, म्हणजे चाळीसेक मिलिमीटर. टणक चाकोरीत तो चालतो, रेतीत रुततो, सुट्या मुरुमावर बाजूला सरकतो. सव्वादोन इंची टायर कमी हवेवर, म्हणजे पंचवीस-तीस पीएसआयवर, चालवता येतो आणि तोच बारीक धोंड्यांचा मार खातो. शॉकअपचे निम्मे काम टायरच करतो, आणि त्याला सर्व्हिसिंग लागत नाही.

शॉकअपविरुद्धचा पुरावा आपल्याच गावांनी गोळा केला आहे. नव्वदच्या दशकात हिरोची रेंजर आणि हर्क्युलिसची एमटीबी आली. सरळ हँडल, जाड टायर, भडक रंग. पोरांनी काळ्या सायकलकडे पाठ फिरवली, आणि गावाकडे सरळ हँडलच्या कोणत्याही सायकलला ‘रेंजर’ म्हणण्याची पद्धत पडली. यातल्या साध्या, बिनगिअरच्या रेंजर पुष्कळ वर्षे चालल्या. पण पुढच्या काळात त्याच किमतीत पुढे स्प्रिंगचा काटा, सीटखाली आणखी एक स्प्रिंग आणि अठरा गिअर देणाऱ्या सायकली आल्या, आणि त्यांचे काय झाले हे कोणत्याही तालुक्याच्या सायकल मार्टमधला मिस्त्री सांगेल. स्प्रिंगच्या नळीत धूळ जाते, वंगण सुकते, वर्षभरात ती एक तर जाम होते किंवा डगमगू लागते. गिअरची तार गंजते आणि सायकल कायमची एका गिअरवर बांधली जाते. दुचाकीच्या जाहिरातींनी शॉकअपला जी प्रतिष्ठा दिली, ती इथे सायकलने उसनी घेतली होती. मोटारसायकल आणि सायकल यांच्यातले हे नाते तसे घरगुतीच आहे: मुंजाल कुटुंबाच्या हिरोने १९८४ मध्ये होंडाशी करार केला, १९८५ मध्ये सीडी १०० आणली, आणि ज्या शिक्षक-दूधवाल्यांना त्यांनीच सायकली विकल्या होत्या त्यांना सायकलवरून उतरवले.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. स्वस्त शॉकअप वाईट म्हणून चांगलाही वाईट कसा? रॉकशॉक्स कंपनीने १९८९ मध्ये पुढचा शॉकअप विकायला काढला, पुढच्याच वर्षी अमेरिकेत ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, १९९६ मध्ये अटलांटाला हा खेळ ऑलिम्पिकमध्ये गेला; आज जगातले बहुतेक स्पर्धक दोन्हीकडे शॉकअप असलेल्या सायकलीच चालवतात. ते सगळे चुकतात काय? नाही. वेगात, मोठ्या दगडांवरून, उड्या घेत उतरायचे असेल तर दोन्हीकडचा शॉकअप चाक जमिनीला चिकटून ठेवतो आणि माणसाला वाचवतो. सह्याद्रीच्या मुख्य रांगेतल्या एखाद्या उभ्या पाऊलवाटेसाठी मी त्याची शिफारसही करीन. पण त्याची किंमत दुकानातल्या चिठ्ठीवर संपत नाही. हवेवर चालणाऱ्या काट्याच्या खालच्या नळ्या दर पन्नास तासांच्या चालवण्यानंतर उघडून साफ कराव्यात, असे तो बनवणारेच सांगतात. आठवड्याला चार-पाच तास सायकल चालवणाऱ्याला हे वर्षातून चार-पाच वेळा करावे लागेल, आणि त्यासाठी लागणारे सील, तेल आणि हात अमडापुरात नाहीत, चिखलीतही मिळणे कठीण. दोन्हीकडे शॉकअप असेल तर मागच्या सांध्यांचे बेअरिंग त्यात मिळवा. बैलगाडीच्या वाटेवर, जिथे उंच उडी घ्यायला जागाच नाही, हा खर्च पृष्ठभागाशी जुळत नाही. पुढचा एक, बऱ्या दर्जाचा, शंभर-एकशेवीस मिलिमीटर हलणारा शॉकअप आणि मागे ताठ फ्रेम, ज्याला सायकलवाले हार्डटेल म्हणतात, ही इथल्यासाठी वरची मर्यादा मानावी. बजेट तोकडे असेल तर खराब शॉकअपपेक्षा ताठ काटा आणि जास्त जाड टायर बरा.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. एवढे गुण असतील तर काळी सायकलच घ्या की! नाही तरी १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण साध्या सायकलींवर जग पाहायला निघालेच होते, आणि त्यांतल्या आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी वाळवंटे, जंगले ओलांडत सुमारे ७१,००० किलोमीटरचा फेरा १९२८ मध्ये पुरा केला. हे खरे आहे आणि थक्क करणारे आहे. पण प्रवासाला निघालेल्या माणसाला पोचायचे असते. सायकल चालली नाही तर तो ती ढकलतो, खांद्यावर घेतो, गाडीत घालतो. रविवारी सकाळी दोन तास टेकडीवर जाणाऱ्याला पोचायचे कुठेच नसते. त्यातला निम्मा वेळ सायकल ढकलण्यात गेला तर पुढच्या रविवारी तो जात नाही. पोस्टमनला चढावर सायकल ढकलण्याचा पगार मिळत होता, हौशी माणसाला मिळत नाही. म्हणून हलका गिअर ही हौशी माणसाची गरज कामकऱ्याहून मोठी आहे, हे वरकरणी उलटे वाटले तरी.

‘हौस’ या शब्दावरच कोणी अडेल. कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात माउंटन बाइकची चर्चा म्हणजे शहरी चोचले, असा तो सूर. त्यात तथ्य इतकेच की ही सायकल स्वस्त नाही. पण सायकल चालवण्याची मौज शहरातून आयात झाली, हे इतिहासाला धरून नाही. गावोगावच्या सायकल दुकानांत तासाच्या भाड्याने सायकली मिळत तेव्हा सुट्टीत त्या घेणारी पोरे कुठल्या कामाला जात नव्हती. दांडीवरून पाय टेकत नाहीत म्हणून दांडीखालून पाय घालून, तिरके लटकत चालवणे हे शिक्षण कोणत्याही शाळेत नव्हते. गावाच्या मैदानात दिव्यांची माळ लावून, पाय खाली न टेकवता काही दिवस आणि रात्री सलग सायकल फिरवणारा, सायकलवरच अंघोळ करून जेवणारा कसरतवाला येई आणि सगळे गाव पाहायला लोटे. सायकल इथे कामाची होती तेव्हाही खेळाची होती. आज तर मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, आणि ज्या जिल्ह्यांत तो कार्यक्रम आहे त्यांत बुलढाणाही आहे. या मुलींपैकी एखादीने पुढे टेकडीवर सायकल नेली तर तिला चोचले म्हणणारा माणूस मला पाहायचा आहे.

काळ्या सायकलच्या दीर्घायुष्याचे खरे गुपित मात्र तिच्या आकारात नव्हते, सुट्या भागांत होते. लुधियानाच्या छोट्या कारखान्यांनी एकाच मापाचे कप, कोन, छर्रे, अ‍ॅक्सल, कॉटर पिना देशभर पोचवल्या. अ‍ॅटलसची फ्रेम, हिरोचे पेडल, तिसऱ्याच नावाची रिम असली तरी सायकल चाले. म्हणून पाना, हातोडी, पाण्याचे घमेले आणि सोल्युशनची नळी एवढ्या भांडवलावर बसलेला मिस्त्री रिमचा आउटही काढी आणि कोनही बदली. माउंटन बाइकच्या जगात ही एकी नाही. चाके सव्वीस, साडेसत्तावीस आणि एकोणतीस इंची. मागच्या हबची रुंदी १३५, १४२ किंवा १४८ मिलिमीटर. खालच्या बेअरिंगचे तर प्रकार मोजता मोजता दमायला होते. २०१२ नंतर सव्वीस इंची चाक महागड्या सायकलींतून झपाट्याने हद्दपार झाले आणि ज्यांच्याकडे ते होते त्यांना चांगले टायर शोधत बसावे लागले. यातून निवडीचा नियम निघतो: जे माप सर्वांत जास्त दुकानांत आहे ते घ्या, सर्वांत नवे घेऊ नका. ६२२ च्या रिमवर हायब्रिड आणि रोड सायकलींचीही ट्यूब वेळेला भागते. आठ किंवा नऊ चकत्यांचा मागचा संच बारा चकत्यांच्या संचापेक्षा धूळ जास्त सोसतो आणि त्याची चेन स्वस्त असते. ब्रेकच्या बाबतीत मात्र माझे मत या नियमाच्या थोडे विरुद्ध जाते. तारेवरचा डिस्क ब्रेक गावातला मिस्त्री दुरुस्त करतो, तेलावरचा करत नाही. त्याला कंपनीप्रमाणे खनिज तेल किंवा डॉट द्रव लागतो आणि हवा काढण्याचे साहित्य लागते. तरीही घाट उतरायचा असेल तर तेलाचाच घ्यावा. तो क्वचित बिघडतो, आणि उतारावर दोन बोटांत सायकल थांबणे ही गोष्ट सोयीच्या हिशेबात बसवता येत नाही.

उरला काटा. बाभळीचा काटा, बोरीचा काटा आणि उन्हाळ्यात वाटेवर पसरलेले सराटे. जुन्या मिस्त्रीच्या धंद्याचा मोठा भाग यांनीच चालवला. ट्यूबवर ठिगळावर ठिगळ, आणि टायरच्या आतून जुन्या टायरचा तुकडा अस्तर म्हणून, हा त्यावरचा देशी इलाज होता आणि तो वाईट नव्हता. आज त्याहून बरा इलाज आहे. १९९९ मध्ये माविक कंपनीने बिनट्यूबच्या टायरची पद्धत बाजारात आणली. टायरमध्ये दुधासारखा चीक ओततात, काटा घुसला की तो चीक भोकात जाऊन गोठतो आणि हवा थांबते. बारीक काट्यांचे डझनभर घाव तो एका फेरीत पचवतो. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात तो लवकर सुकतो, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरावा लागतो, एवढेच लक्षात ठेवायचे. म्हणजे सायकल घेताना रिम बिनट्यूबला चालणारी आहे का, हे विचारणे शॉकअप कोणत्या कंपनीचा हे विचारण्यापेक्षा अमडापुरात जास्त कामाचे आहे. सराट्यांवर शॉकअपचा काही उपाय नाही.

पावसाळ्यात काळ्या मातीवर कोणतीच सायकल चालत नाही. ती माती पाणी पिऊन फुगते, टायरवर थरावर थर चढतो, मडगार्डमध्ये दाटून चाक अडते. पावसाळ्यात मडगार्ड काढून ठेवणारे गावकरी हेच करत होते: टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये जागा वाढवत होते. म्हणून फ्रेम घेताना जो टायर लावणार त्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा सुटते का, ते पाहावे. आणि जून ते सप्टेंबर काळी सोडून मुरुमाच्या टेकड्यांवर जावे. या भागात ज्ञानगंगा अभयारण्य आहे, १९९७ मध्ये जाहीर झालेले, २०५ चौरस किलोमीटरचे. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला वाघ सुमारे तेराशे किलोमीटर चालून २०१९ च्या अखेरीस तिथे पोचला होता. तिथल्या वाटा कितीही मोहक वाटल्या तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्या सायकलसाठी नाहीत, आणि तसे असणेच योग्य आहे. समृद्धी महामार्गावर, जो याच जिल्ह्यातून जातो, सायकलीला मनाईच आहे. उरतात त्या पांदणी, म्हणजे शिवारातल्या याच जुन्या गाडीवाटा, आणि त्याही बदलत आहेत. ट्रॅक्टरने बंडीची चाकोरी मोडून रुंद केली, काही ठिकाणी बांध कोरून वाट शेतात गेली, आणि शेत-पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनांतून जिथे काम होते तिथे मातीवर आधी मुरूम आणि खडी पसरते. डांबर नंतर येते किंवा येतच नाही. दबाई अपुरी राहिली की ती खडी सुटी होते आणि वळणावर अरुंद टायर तिच्यावरून निसटतो. ज्याला दोन इंची आणि सव्वादोन इंची टायरमध्ये निवड करायची आहे, त्याने इथे सव्वादोनच घ्यावा, आणि फ्रेममध्ये बसत असेल तर पुढच्या चाकाला दोन पूर्णांक चार.